वाचकांचे प्रश्न : पात्मोस बेटाची गुहा, मठ आणि ग्रंथभांडार

मागील अंकात ग्रीसमधील तीर्थस्थळांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर नाशिक शहरातून बरीच पत्रे आली आणि त्यांपैकी बहुतेकांचा रोख एजियन समुद्रातील पात्मोस या लहान बेटाकडे आहे. सांतोरिनी आणि मिकोनोस यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. पात्मोसविषयी फारसे लिहिले जात नाही. म्हणून या वेळचे सदर या एकाच बेटाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या उपासनेत प्रकटीकरणाच्या पुस्तकाचे वाचन होते, तेव्हा योहान ‘पात्म’ नावाच्या बेटावर होता असे ऐकतो. ते बेट आज कोठे आहे? तेथे वस्ती आहे काय? योहानाला दर्शन झाले ती गुहा खरोखर दाखवतात काय? (एक वाचक, शरणपूर)

उत्तर : प्रकटीकरण हे बायबलमधील शेवटचे पुस्तक, आणि त्यात आपण ऐकता ते पात्म म्हणजेच आजचे पात्मोस. ग्रीसच्या आग्नेय टोकाला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ पसरलेल्या दोदेकानिस द्वीपसमूहातील हे एक बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ३,००० आहे. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, उंचसखल आणि पाण्याच्या बाबतीत तुटपुंजी आहे. समुद्र दोन्ही बाजूंनी इतका आत शिरला आहे की दोन अरुंद पट्ट्यांनी जोडलेले तीन तुकडे असावेत, तसा बेटाचा आकार नकाशावर दिसतो. मध्यभागी स्काला हे बंदर आहे, त्याच्या वरच्या डोंगरावर खोरा हे जुने गाव आहे आणि खोराच्या माथ्यावर संत योहानाचा मठ आहे.

गुहा स्काला आणि खोरा यांच्या मधोमध, डोंगराच्या उतारावर आहे. बाहेरून ती गुहा वाटत नाही, कारण तिच्याभोवती पांढऱ्या भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. पायऱ्या उतरून आत गेल्यावर एका बाजूला संत अ‍ॅन यांचे छोटे प्रार्थनागृह आणि दुसऱ्या बाजूला नैसर्गिक खडकाचे बुटके छत लागते. छताच्या खडकाला तीन पदरी भेग आहे आणि देवाचा आवाज याच भेगेतून आला अशी श्रद्धा आहे. तीन पदर हे त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे चिन्ह मानतात. भिंतीत खालच्या बाजूला चांदीच्या कड्याने मढवलेली एक खोबण आहे. योहान तेथे डोके टेकून विसावा घेत असे आणि शेजारच्या दुसऱ्या खोबणीत हात घालून उठत असे, असे सांगितले जाते. त्याचा शिष्य प्रोखोरोस उभ्याने लिहून घेत असे, म्हणून त्याने वापरलेला खडकाचा सपाट भागही दाखवतात. गुहेत छायाचित्रे काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण तेथे आजही नित्य उपासना होते.

प्रश्न : परंपरा एक गोष्ट आणि इतिहास दुसरी. योहान या बेटावर आला होता याला आधार किती? (इतिहासाचे एक शिक्षक, पंचवटी)

उत्तर : सर्वांत जुना आधार खुद्द ग्रंथाचा आहे. प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायाच्या नवव्या ओवीत लेखक स्वतःचे नाव योहान असे सांगतो आणि देवाच्या वचनामुळे व येशूच्या साक्षीमुळे आपण या बेटावर होतो असे म्हणतो. रोमन काळात लोकांना बेटांवर हद्दपार करण्याची शिक्षा प्रचारात होती, त्यामुळे या वाक्याचा अर्थ हद्दपारी असाच लावला गेला. दुसऱ्या शतकातील धर्मगुरू इरेनियस यांनी हे दर्शन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस झाल्याचे लिहिले आहे, आणि त्यावरून इ. स. ९५ च्या आसपासचा काळ धरला जातो. ग्रंथात ज्या सात मंडळ्यांना, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांना, पत्रे आहेत त्या इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या सगळ्या समोरच्या, आजच्या तुर्कस्तानातील भूमीवर होत्या. भूगोल एवढा जुळतो की बेटाचा उल्लेख निव्वळ कल्पनेचा मानण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र दोन बाबतीत सावध राहावे. ग्रंथात गुहेचा उल्लेख नाही. गुहेची ओळख नंतरच्या परंपरेने पक्की केली. तसेच प्रकटीकरणाचा लेखक योहान आणि शुभवर्तमान (येशूचे चरित्र सांगणारा बायबलमधील ग्रंथ) लिहिणारा योहान हे एकच काय, हा प्रश्न आजच्या अभ्यासकांनी नव्याने काढलेला नाही. तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी दोन्ही ग्रंथांच्या भाषेतील फरक दाखवून ते दोन वेगळे लेखक असावेत असे मत मांडले होते. ऑर्थोडॉक्स, म्हणजे ग्रीसमध्ये प्रचलित असलेल्या पूर्वेकडील ख्रिस्ती चर्चची, परंपरा दोघांना एकच मानते आणि बेटावरचे लोकही तेच मानतात. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या अभ्यासू वाचकाला महत्त्वाची वाटेल. ज्या चर्चने या गुहेचे इतक्या निष्ठेने जतन केले, त्याच ऑर्थोडॉक्स चर्चच्या नेहमीच्या उपासनेतील वाचनक्रमात प्रकटीकरणाचे पुस्तक समाविष्ट नाही.

लोककथा वेगळ्याच आहेत. प्रोखोरोसच्या नावावर असलेल्या, पण योहानाच्या कितीतरी नंतर रचलेल्या चरित्रात किनोप्स नावाच्या मांत्रिकाची गोष्ट येते. त्याने समुद्रात बुडी मारून मृतांच्या आकृती वर आणण्याचा खेळ मांडला आणि योहानाच्या प्रार्थनेने तो पाण्यातच दगड झाला. स्कालाच्या बंदरात पाण्याखाली असलेला एक खडक किनोप्सचा म्हणून दाखवतात.

प्रश्न : संपूर्ण बेट एका साधूला दान दिले गेले होते असे वाचले. हे कसे घडले, आणि मग सामान्य माणसे तेथे कशी राहू लागली? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबणार आहे, कारण पात्मोसचा पुढचा सारा इतिहास या एका दानातून निघालेला आहे.

प्राचीन काळी बेटावर ग्रीक वस्ती होती, आजच्या मठाच्या टेकडीवर आर्टेमिस देवीचे मंदिर होते आणि स्कालाच्या वरच्या कास्तेली टेकडीवर तटबंदी होती. तिचे अवशेष अजून दिसतात. सातव्या शतकापासून अरबांच्या समुद्री हल्ल्यांमुळे एजियनमधील अनेक बेटे उजाड झाली आणि त्यांत पात्मोसही होते. अकराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्तोदुलोस नावाचे एक संन्यासी तुर्कांच्या स्वाऱ्यांमुळे आशिया मायनरमधील लात्रोस डोंगरावरचा आपला मठ सोडून कोस बेटावर आले होते. कोस गजबजलेले होते आणि त्यांना एकांत हवा होता. त्यांनी कोसवरील मालमत्ता परत करून त्या बदल्यात ओसाड पात्मोस मागितले. बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट अलेक्सिओस कोम्निनोस याने १०८८ मध्ये सुवर्णमुद्रेची सनद देऊन संपूर्ण बेट करमुक्त इनाम म्हणून त्यांच्या स्वाधीन केले. ही सनद मठाने आजवर सांभाळून ठेवली आहे.

ख्रिस्तोदुलोस यांची इच्छा बेटावर केवळ संन्याशांनी राहावे अशी होती. परंतु चाच्यांपासून बचाव होईल असा मठ बांधायचा तर गवंडी आणि मजूर हवेत, आणि घरदार सोडून कामगार तेथे टिकेनात. शेवटी कामगारांना कुटुंबासह राहू देण्यात आले, पण त्यांनी बेटाच्या उत्तर भागात राहावे आणि मठाजवळ वस्ती करू नये अशी अट होती. संस्थापकांना मठ पूर्ण झालेला पाहता आला नाही. हल्ल्यांच्या भीतीने त्यांना एव्हिया बेटावर जावे लागले आणि तेथेच १०९३ मध्ये त्यांचे निधन झाले. शिष्यांनी नंतर त्यांचा देह परत आणला आणि तो मठातील त्यांच्या नावाच्या प्रार्थनागृहात आजही आहे.

वस्तीवरील निर्बंध हळूहळू सैल झाले आणि मठाच्या तटाला बिलगून घरे उभी राहिली; तेच खोरा. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर तेथून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. १६६९ मध्ये क्रीटमधील कांदिया शहर तुर्कांच्या हाती गेल्यावर तेथील निर्वासित आले. खोराच्या वेगवेगळ्या भागांत या दोन्ही स्थलांतरांच्या खुणा अजून ओळखता येतात. ऑटोमन राजवटीला खंडणी देऊन बेटाने आपला कारभार बऱ्याच अंशी स्वतःकडे राखला. मठाला स्वतःची जहाजे बाळगण्याचा अधिकार पहिल्यापासून होता, त्यामुळे येथील लोकही दर्यावर्दी व्यापारी बनले आणि खोरातील दगडी वाडे त्या पैशातून उभे राहिले. मोठा आघात तुर्कांकडून झाला नाही, ख्रिस्ती व्हेनिसकडून झाला. १६५९ मध्ये मोरोसिनी या व्हेनिसच्या सेनापतीने गाव लुटले.

१८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात बेट उतरले होते आणि त्या उठावाची आखणी करणाऱ्या ‘फिलिकी एतेरिया’ या गुप्त संघटनेच्या तीन संस्थापकांपैकी एक, एमानुइल क्सान्थोस, पात्मोसचाच होता. असे असूनही नव्या ग्रीक राज्याच्या सीमा ठरल्या तेव्हा पात्मोस ऑटोमन साम्राज्यातच राहिले. १९१२ मध्ये इटलीने ते घेतले, १९४३ नंतर जर्मन फौजा आल्या, त्यानंतर काही काळ ब्रिटिश प्रशासन होते आणि १९४८ मध्ये दोदेकानिससह पात्मोस अधिकृतपणे ग्रीसमध्ये सामील झाले. धार्मिक बाबतीत मात्र ते आजही अथेन्सच्या चर्चच्या अखत्यारीत नाही. ते थेट कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुख धर्मगुरूच्या, पीठाच्या अधीन आहे आणि मठाधिपती हाच त्या पीठाचा बेटावरील प्रतिनिधी असतो. १९८१ मध्ये ग्रीक संसदेने पात्मोसला पवित्र बेट म्हणून घोषित केले आणि १९९९ मध्ये खोरा, मठ आणि गुहा यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या काळापासूनचे विधी आजही तसेच चालू असलेल्या जगातील मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे, असे युनेस्कोने नोंदवले आहे. माझ्या मते या बेटाचे खरे मोल याच वाक्यात आहे.

प्रश्न : आमच्या घरी वाडवडिलांच्या पोथ्या आहेत, त्यामुळे जुन्या हस्तलिखितांविषयी मला ओढ आहे. पात्मोसच्या मठात कोणते ग्रंथ आहेत आणि ते पाहता येतात काय? (एक वाचक, जुने नाशिक)

उत्तर : आपले पत्र वाचून विशेष आनंद झाला, कारण पात्मोसला जाणारे बहुतेक लोक गुहा आणि समुद्र पाहून परततात आणि ग्रंथभांडाराची चौकशीही करत नाहीत.

ख्रिस्तोदुलोस स्वतः ग्रंथप्रेमी होते आणि लात्रोसहून निघताना त्यांनी ग्रंथ वाचवून बरोबर आणले होते. सन १२०० मध्ये मठातील ग्रंथांची यादी करण्यात आली, तीत ३३० हस्तलिखितांची नोंद आहे. त्यांपैकी २६७ चर्मपत्रावरची आणि ६३ कागदावरची होती. छपाईच्या अडीचशे वर्षे आधी, एका खडकाळ बेटावर एवढा संग्रह असणे आणि त्याची बारकाईने नोंद ठेवली जाणे हे मला मठाच्या तटबंदीपेक्षाही मोठे काम वाटते. आज हस्तलिखितांची संख्या हजाराच्या वर असून सनदा, खरेदीपत्रे आणि पत्रव्यवहार अशा हजारो कागदांचे दप्तर वेगळेच आहे.

सर्वांत प्रसिद्ध ठेवा म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानाची सहाव्या शतकातील ३३ पाने. जांभळ्या रंगात रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने अक्षरे लिहिली आहेत आणि देवाची व येशूची नावे सोन्याने लिहिली आहेत. हा ग्रंथ केव्हातरी फुटला आणि त्याची पाने निरनिराळ्या देशांत पांगली. सर्वांत मोठा भाग सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. याशिवाय ईयोबाच्या पुस्तकाचे आठव्या शतकातील सचित्र हस्तलिखित आणि ९४१ मध्ये लिहिलेली नाझियान्झसच्या ग्रेगरी यांची प्रवचने येथे आहेत.

गेलेल्या ग्रंथांचीही आठवण ठेवली पाहिजे. प्लेटोच्या संवादांची ८९५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे लिहिलेली प्रत येथे होती. अरेथास या विद्वान धर्मगुरूसाठी योहान नावाच्या लेखनिकाने ती केली होती आणि प्लेटोच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या व महत्त्वाच्या प्रतींत तिची गणना होते. १८०१ मध्ये एडवर्ड डॅनियल क्लार्क हा इंग्रज प्रवासी मठात आला. ग्रंथ अव्यवस्थित अवस्थेत पडलेले पाहून त्याने ही प्रत आणि आणखी काही हस्तलिखिते विकत घेतली, आणि ती आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. ऑक्सफर्डमध्ये तिची उत्तम निगा राखली गेली आणि जगभरच्या अभ्यासकांना ती उपलब्ध झाली, हे मान्य केले पाहिजे. तरीही सातशे वर्षे चाचे, लुटालूट आणि राज्यबदल यांतून ज्या मठाने आपला संग्रह टिकवला, त्याच्या पडत्या काळात एका पाहुण्याने केलेली ही खरेदी मला न्यायाची वाटत नाही.

ग्रंथालय सर्वसाधारण यात्रेकरूंसाठी खुले नसते. संशोधकांना आधी पत्रव्यवहार करून परवानगी घ्यावी लागते. मठाच्या संग्रहालयात मात्र निवडक हस्तलिखिते, सनदा, प्रतिमा आणि भरजरी धर्मवस्त्रे मांडलेली असतात आणि थोडेसे शुल्क देऊन ती पाहता येतात. आपण मठात जालच, तेव्हा मुख्य चर्चला लागून असलेल्या कुमारी मातेच्या प्रार्थनागृहातील बाराव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रे चुकवू नयेत. नंतरच्या काळातील रंगकामाखाली ती झाकली गेली होती आणि १९५६ च्या भूकंपात वरचा थर निखळल्यावर उजेडात आली. अब्राहामाने तीन देवदूतांचे केलेले आतिथ्य हे त्यांतील चित्र माझ्या दृष्टीने बेटावरची सर्वांत सुंदर कलाकृती आहे. भारतीय यात्रेकरूसाठी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. प्रेषित थॉमस यांची कवटी म्हणून पूजिला जाणारा अवशेष या मठात जतन केलेला आहे आणि केरळच्या ख्रिस्ती समाजाची परंपरा याच थॉमसपासून सुरू होते.

प्रश्न : आम्ही दर वर्षी नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जातो. पात्मोसवर अशी यात्रा केव्हा असते? कोणत्या दिवसांत जावे? (एक कुटुंब, नाशिक रोड)

उत्तर : पवित्र सप्ताहात जावे. फक्त एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरची तिथी जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढते, त्यामुळे ती आपल्या कॅथलिक चर्चच्या तिथीशी पुष्कळदा जुळत नाही. २०२५ मध्ये दोन्ही ईस्टर २० एप्रिलला आले होते, पण २०२७ मध्ये कॅथलिक ईस्टर २८ मार्चला आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मे रोजी आहे. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी तिथी तपासावी, नाही तर एवढा प्रवास करून आपण भलत्याच आठवड्यात पोहोचाल.

पवित्र गुरुवारी सकाळी खोराच्या चौकात ‘निप्तिरास’ हा विधी होतो. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग येथे सर्व गावासमोर उभा केला जातो. चौकात व्यासपीठ मांडतात, बारा संन्यासी बारा शिष्यांच्या जागी बसतात आणि मठाधिपती आपली भरजरी वस्त्रे उतरवून, कमरेला पंचा बांधून एकेकाचे पाय धुतात. शुभवर्तमानातील संवाद त्या वेळी म्हटले जातात. ज्या मठाकडे कधी काळी संपूर्ण बेटाची मालकी होती, त्याचा अधिपती वर्षातून एकदा आपल्या सहकाऱ्यांपुढे ओणवा होतो आणि गाव ते पाहते, यात मला या बेटाच्या धर्मजीवनाचे सार दिसते. शुक्रवारी फुलांनी सजवलेल्या ख्रिस्ताच्या शवपेटिकेची मिरवणूक निघते. शनिवारी मध्यरात्री पुनरुत्थानाची घोषणा होऊन एका ज्योतीवरून सर्वांच्या मेणबत्त्या पेटतात आणि रविवारच्या उपासनेत पुनरुत्थानाचे वचन अनेक भाषांतून वाचले जाते.

संत योहानाचे सण ८ मे आणि २६ सप्टेंबर या दिवशी असतात, ख्रिस्तोदुलोस यांचे १६ मार्च आणि २१ ऑक्टोबर या दिवशी. १५ ऑगस्टला कुमारी मातेचा मोठा सण असतो, पण त्या वेळी बेटावर सुट्टीच्या पर्यटकांची फार गर्दी असते.

प्रश्न : जायचे कसे, किती दिवस राहावे आणि मठाखेरीज काय पाहावे? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. (एक दांपत्य, इंदिरानगर)

उत्तर : पात्मोसवर विमानतळ नाही. शेंगेन व्हिसा घेऊन अथेन्सला उतरावे आणि तेथील पिरेयस बंदरातून बोट घ्यावी; प्रवास साधारण सात-आठ तासांचा किंवा त्याहून अधिक असतो. सामोस, कोस किंवा लेरोस येथे विमानाने जाऊन तेथून छोट्या बोटीने येण्याचाही मार्ग आहे. हिवाळ्यात बोटी कमी असतात आणि वादळी वाऱ्यात रद्दही होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवावा.

निदान तीन रात्री राहावे असा माझा आग्रह आहे. पर्यटनाच्या जहाजांतून काही तासांसाठी उतरणारे लोक गुहा आणि मठ घाईने उरकतात आणि बेट न पाहताच जातात. स्कालाहून खोराला बस जाते, पण प्रकृती ठीक असेल तर जुन्या फरसबंदीच्या वाटेने सकाळी लवकर चढावे. गुहा वाटेतच लागते आणि गर्दीच्या आधी तेथे पोहोचता येते. गुहेजवळच ‘पात्मियादा’ ही १७१३ मध्ये स्थापन झालेली विद्यापीठिका आहे. तुर्की अमलात दूरदूरचे ग्रीक विद्यार्थी येथे शिकायला येत असत आणि आजही तेथे धर्मशिक्षण चालते. खोराच्या गल्ल्या चाच्यांना चकवण्यासाठी मुद्दाम वळणावळणांच्या केल्या आहेत. त्यांतूनच १६०७ मध्ये स्थापन झालेल्या झोओदोखोस पिगी या धर्मभगिनींच्या मठाकडे जाता येते. गावाच्या कडेला तीन पवनचक्क्या आहेत, दोन १५८८ मधील आणि एक १८६३ मधील. त्या दुरुस्त करून पुन्हा चालत्या केल्या आहेत. समुद्रकिनाऱ्यांपैकी उत्तरेचा लांबी हा रंगीत गोट्यांसाठी आणि दक्षिणेचा प्सिली आमोस हा बारीक वाळूसाठी ओळखला जातो. ग्रिकोसजवळचा कालिकात्सू हा पोखरलेला प्रचंड खडकही पाहावा; त्यात पूर्वी तपस्वी राहत असावेत असे मानतात.

शाकाहाराची चिंता करू नये. ऑर्थोडॉक्स उपवासांत मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात, त्यामुळे डाळीचे पिठले म्हणता येईल असा फावा, काबुली चण्यांचे सार, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी आणि उकडलेल्या रानभाज्या हे पदार्थ तेथील रोजच्या जेवणातले आहेत. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेले दोल्मादेस मागवताना आत खिमा नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. प्रार्थनेच्या वेळी आत बसलेले चालते काय? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : चालते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. साडी किंवा पंजाबी पोशाख योग्यच आहे. प्रवेशाजवळ मेणबत्ती लावून मागच्या बाजूला उभे राहावे, उपासना चालू असताना फिरू नये आणि पडद्यामागील वेदीच्या भागात पाऊल ठेवू नये. प्रभुभोजनाचा प्रसाद केवळ ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा झालेल्यांनाच दिला जातो, तेव्हा त्या रांगेत उभे राहू नये. उपासनेच्या शेवटी वाटली जाणारी आशीर्वादित भाकर मात्र सामान्यतः सर्वांना मिळते आणि ती उजव्या हातात घ्यावी. दुपारी मठ आणि गुहा दोन्ही बंद असतात व वेळा दिवसागणिक बदलतात, म्हणून आदल्या दिवशी स्काला येथे चौकशी करून ठेवावी.